वायरलेस नेटवर्किंगमध्ये प्राध्यापक व्हावं का? पीएचडीच्या चौथ्या वर्षातला प्रश्न

तरंग२७

नमस्कार. बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, आणि जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी वायरलेस नेटवर्किंगमध्ये पीएचडी करतोय, चौथं वर्ष संपत आलंय. विषय वायफायचा मॅक लेयर. म्हणजे एका हॉलमध्ये चाळीस-पन्नास डिव्हाइस एकाच ॲक्सेस पॉइंटला (वायफायच्या डब्याला) जोडलेली असली की हवेत काय होतं, कोण कधी बोलतं, कोणाची फ्रेम (डेटाचा तुकडा) कोणाच्या फ्रेमवर आदळते, हे मोजायचं आणि मग त्यात काही सुधारता येतं का बघायचं. दोन पेपर झालेत, तिसरा दोनदा रिजेक्ट होऊन आता तिसरीकडे रिव्ह्यूत आहे. आठ-नऊ महिन्यांत थिसिस उभा राहील असं गाइड म्हणतात.

समोर दोन रस्ते आहेत. एका चिप बनवणाऱ्या कंपनीची ऑफर आहे, काम वायफायच्या पुढच्या पिढीवर, माणसं चांगली वाटली. दुसरा म्हणजे दोन वर्षांचा पोस्टडॉक आणि सगळं जमलं तर त्यानंतर असिस्टंट प्रोफेसर. मला मनापासून प्राध्यापकच व्हायचंय. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला नेटवर्क्सच्या तासाला अलोहाचं, म्हणजे एकच चॅनेल अनेकांनी वाटून वापरायच्या जुन्या पद्धतीचं, गणित फळ्यावर सुटताना बघितलं तेव्हापासून. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने पॅकेट सोडायचं असं ठरवलं तर चॅनेल फार तर १८.४ टक्के कामाला येतो, आणि सगळ्यांनी फक्त ठरलेल्या ठोक्यावर सुरुवात करायची एवढं एकच बंधन घातलं की तो आकडा दुप्पट, ३६.८. हे एका पानात सिद्ध होतं! त्या तासानंतर मला दुसरं काही आवडलंच नाही.

पण गेलं वर्षभर डोक्यात एकच घोळतंय. लॅबमधले सिनियर, कॉन्फरन्सला भेटलेली माणसं, सगळे म्हणतात की वायरलेसमध्ये आता काय उरलंय, ५जी झालं, ६जीचं कंपन्या बघतायत, वायफायचं स्टँडर्ड तर त्यांच्याच हातात आहे, प्राध्यापक पेपर लिहितो आणि तो छापून येईपर्यंत चिप बाजारात आलेली असते. त्यात आमच्या लॅबचं हार्डवेअर दोन पिढ्या मागचं. मग वीस-पंचवीस वर्षं एखादा माणूस या विषयात प्राध्यापक म्हणून करतो तरी काय, त्याचा आठवडा कसा असतो, आणि मागे वळून बघितल्यावर त्याला आपलं म्हणावं असं काही हाताशी राहतं का, हे कोणी अनुभवाने सांगेल का. पगाराची तुलना नकोय, ती मी केलीये.

अजून एक, याचा संबंध आहे की नाही माहीत नाही. माझ्या मोजमापात एक गोष्ट बसत नाहीये. बियांकीच्या मॉडेलने (वायफायमध्ये फ्रेम किती आदळतील याचं गणित) काढलेली कोलिजनची शक्यता आणि हॉलमध्ये प्रत्यक्ष मोजलेला फ्रेम लॉस (न पोचलेल्या फ्रेम) यांचं जुळतच नाही, ॲक्सेस पॉइंटजवळच्या डिव्हाइसना मॉडेलपेक्षा कमी लॉस आणि लांबच्यांना खूपच जास्त, आणि तो लॉस एकसारखा नसतो, झटके येतात. थिसिसमध्ये एका परिच्छेदात उरकून टाकायचा विचार होता.

फळा_आणि_अँटेना

तरंग, मी तेवीस वर्षं हेच करतेय, म्हणून लिहिते. संध्याकाळी दोन प्रोजेक्ट रिव्ह्यू आटोपून बसलेय तेव्हा विस्कळीत होईल थोडं.

आधी ते "काय उरलंय". हे वाक्य मी स्वतः पीएचडी करत होते तेव्हाही ऐकलंय, नव्याने शिकवायला लागले तेव्हाही ऐकलंय, आणि दर पाच-सहा वर्षांनी ऐकतेय. माझा अनुभव असा आहे की स्टँडर्डची पिढी संपते, प्रश्न मात्र तिच्याबरोबर संपत नाहीत. तू ज्या अलोहाचं लिहिलंस तेच बघ. नॉर्मन ॲब्रमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९७१ साली हवाई विद्यापीठात चालू केलं, वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनल रेडिओने एका कंप्युटरला जोडायला. ते नेटवर्क केव्हाच बंद पडलं. पण तुझा फोन टॉवरशी पहिल्यांदा बोलायला जातो तेव्हा आजही रँडम ॲक्सेसच करतो, ठरलेल्या वेळा, त्यातली एक निवडायची, दुसऱ्या कोणी तीच निवडली तर थांबून परत प्रयत्न, म्हणजे मुळात ठरलेल्या ठोक्यावरचा तो स्लॉटेड अलोहाच. लोरावॅनचे, म्हणजे लांब पल्ल्याच्या कमी विजेच्या रेडिओचे, सेन्सर तर जवळजवळ शुद्ध अलोहावर चालतात. एका प्राध्यापकाने एका विद्यापीठापुरता सोडवलेला प्रश्न पन्नास वर्षांनी नवीन कपड्यात परत परत येतोय.

दुसरी गोष्ट मला खूप जवळची आहे, माझ्या प्रत्येक बॅचला सांगते. रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० साली आपल्या पीएचडी थिसिसमध्ये एलडीपीसी कोड, म्हणजे सिग्नलमधल्या चुका दुरुस्त करणारे कोड, मांडले. त्या काळच्या कंप्युटरला ते डिकोड करणं झेपणारं नव्हतं, त्यामुळे ते तीसेक वर्षं जवळजवळ विस्मरणात गेले आणि १९९० च्या दशकात लोकांनी पुन्हा उकरून काढले. याच गॅलगर यांच्याकडे एमआयटीत एर्दाल अरिकान यांनी पीएचडी केली, १९८५ ला संपवली, आणि १९८७ ला ते अंकाराच्या बिल्केंट विद्यापीठात शिकवायला लागले. तिथे बसून चॅनेलच्या क्षमतेचा एक प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षं धरून ठेवला आणि २००९ साली पोलर कोडचा (हेही चुका दुरुस्त करणारेच) पेपर आला. २०१६ ला ५जीच्या कंट्रोल चॅनेलसाठी (फोन आणि टॉवर यांच्यातल्या सूचनांसाठी) ते निवडले गेले. आणि डेटाच्या चॅनेलसाठी? एलडीपीसी. म्हणजे आज ५जी फोनवर तू काहीही उघडलंस की गुरूचा कोड डेटा नेतो आणि शिष्याचा कोड कंट्रोल. मला दर वेळी हे सांगताना भरून येतं, खरंच.

पण यातून "मी पण वीस वर्षं एकच प्रश्न धरून बसेन" असा अर्थ काढू नकोस. नवीन असिस्टंट प्रोफेसरला वीस वर्षं कोणी देत नाही. जिथे टेन्युअर (कायम नेमणूक) आहे तिथे साधारण सहाव्या वर्षी फाइल उघडते, जिथे नाही तिथेही प्रमोशनची फाइल असतेच, आणि त्या फाइलमध्ये पेपर, आणलेली ग्रँट, बाहेर पडलेले पीएचडी विद्यार्थी आणि शिकवण्याबद्दलचा अभिप्राय हेच बघतात. इन्फोकॉम, मोबिकॉमसारख्या कॉन्फरन्सना आलेल्या पेपरांतला पाचातला एक जेमतेम निघतो. तुझा पेपर दोनदा परत आला म्हणतोस, माझ्या सगळ्यात जास्त वाचल्या गेलेल्या पेपरचा पहिला रिव्ह्यू "यात नवीन काय" एवढाच होता.

मी काय केलं ते सांगते, बरोबर-चूक तू ठरव. पहिल्यापासून लॅबमध्ये दोन प्रकारचे प्रश्न ठेवले. एका विद्यार्थ्याकडे चालू स्टँडर्डच्या जवळचा, दीड-दोन वर्षांत पेपर होईल असा. दुसऱ्याकडे असा की ज्याला कुठल्याच पिढीचा आकडा नाही, माझ्या बाबतीत तो होता की एकमेकांना ऐकू न येणारे दोन स्टेशन एकाच तिसऱ्याशी बोलत असतील तर कोणीही मध्यस्थ नसताना त्यांना न्याय्य वाटा कसा मिळेल. हिडन टर्मिनलचं हे दुखणं टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी १९७५ साली लिहून ठेवलंय, मी त्यात दहा वर्षं घातली, पूर्ण सुटलं नाही, पण त्यावर माझे तीन जण पीएचडी झाले आणि तिघंही तिघांच्या पद्धतीने माझ्या पुढे गेले. तू विचारलंस ना हाताशी काय राहतं. ते तिघं. त्यातली एक मागच्या वर्षी एका कॉन्फरन्सच्या समितीवर माझ्या शेजारी बसून माझ्याच मुद्द्याला विरोध करत होती आणि तिचं बरोबर होतं, मी तो मुद्दा मागे घेतला. त्या दुपारी मला जे वाटलं ते कुठल्याच पेपरने वाटलं नव्हतं.

आठवडा विचारलास. शिकवायचे तास चार ते सहा, त्यांची तयारी त्याच्या दुप्पट, पहिल्या वर्षी चौपट. विद्यार्थ्यांबरोबर प्रत्येकी एक तास, हा मी कधीच चुकवत नाही. रिव्ह्यू करायला आलेले पेपर, विभागाच्या मीटिंगा, प्रपोजल. प्रपोजल हा मोठा भाग आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, एका ग्रँटमागे तीन-चार लिहावी लागतात आणि प्रत्येकाला दोन महिने जातात. स्वतः कोड लिहायला, स्वतः गणित करायला वेळ हळूहळू कमी होत जातो, असिस्टंट असताना आठवड्याला दोन दिवस मिळायचे, आता शनिवार सकाळ, तीही प्रत्येक नाही. ज्याला स्वतःच्या हाताने करण्यातच आनंद आहे त्याने हा भाग नीट विचारात घ्यावा. मला शिकवण्यात आनंद आहे, त्यामुळे सौदा पटला.

आणि शेवटी तुझा तो परिच्छेद. तो उरकू नकोस! बियांकी यांचं २००० सालचं मॉडेल सुंदर आहे, बॅकऑफची (पाठवण्याआधी थांबायच्या वेळेची) मार्कोव्ह साखळी, दोन अनोळखी राशी, दोन समीकरणं, झालं. पण त्याची गृहीतकं एकदा जोरात वाच. सगळ्यांना सगळे ऐकू येतात. प्रत्येकाकडे पाठवायला कायम काहीतरी आहे. आणि दोन फ्रेम आदळल्या की दोन्ही गेल्या. तुझ्या हॉलमध्ये तिसरं नक्कीच खोटं आहे. जवळच्याची फ्रेम ताकदवान, लांबच्याची अशक्त, दोन्ही आदळल्या तरी जवळच्याची बरेचदा वाचते, त्यालाच कॅप्चर म्हणतात. म्हणून जवळच्यांचा लॉस मॉडेलपेक्षा कमी आणि लांबच्यांचा जास्त. एवढं मी इथे बसून सांगू शकते. झटके का येतात ते मला सांगता येत नाही, आणि जे मला सांगता येत नाही त्यातच तुझी पुढची तीन वर्षं असू शकतात.

टेस्टबेडवाला

मॅडमनी लिहिलंय ते सगळं मान्य, पण मी असिस्टंट प्रोफेसर आहे पाचव्या वर्षात, फाइल पुढच्या वर्षी उघडणारे, तर खालून कसं दिसतं ते पण ऐक.

हा विषय दोन तऱ्हेने करता येतो, फळ्यावर आणि टेबलावर, आणि दोघांची आयुष्यं वेगळी असतात. थिअरीवाल्याला कागद पुरतो. गुप्ता आणि कुमार यांनी २००० साली दाखवलं की नोड (नेटवर्कमधली डिव्हाइस) रँडम विखुरलेले असले तर प्रत्येकाच्या वाट्याचा थ्रूपुट (सेकंदाला पोचणारा डेटा) नोडची संख्या वाढेल तसा तिच्या वर्गमुळापेक्षाही थोडा जास्तच वेगाने घटतो, मोठमोठ्या ॲड-हॉक (मधे टॉवर नसलेल्या) नेटवर्कची स्वप्नं बघणाऱ्या सगळ्यांना त्याने थांबून विचार करायला लावला, आणि त्याला एक अँटेना लागली नाही. माझ्यासारख्याला लॅब उभी करावी लागते. माझं पहिलं सव्वा वर्ष यातच गेलं, एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारे रेडिओ) मागवले ते सात महिन्यांनी आले, क्लॉक सिंक करायचं वेगळं, खोलीत कुठे काय लावायचं ते वेगळं, कारण शेजारच्या खोलीतलं वायफाय तुमच्या प्रयोगात घुसतं. तोपर्यंत माझ्याबरोबर लागलेल्या थिअरीवाल्या मित्राचे तीन पेपर झाले होते. जॉइन व्हायच्या आधी सुरुवातीच्या निधीची बोलणी करशील तेव्हा उपकरणांचे पैसे एवढंच मागू नकोस, सिस्टिम सांभाळणारा एक पूर्णवेळ इंजिनिअर माग, दोन वर्षांसाठी तरी. मी मागितला नाही, ते काम रात्री मी करायचो.

मग टेबलावर कशाला बसायचं? कारण सिम्युलेटर गोड बोलतो. २००३-०४ मध्ये डार्टमथच्या डेव्हिड कॉट्झ आणि मंडळींनी त्या काळच्या पेपरांमधली गृहीतकं गोळा करून प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून बघितली होती. जग सपाट आहे, रेडिओची रेंज गोल आहे, मला तू ऐकू येतोस म्हणजे तुला मी ऐकू येतो, ऐकू येतो म्हणजे स्वच्छच ऐकू येतो, वगैरे. एकही टिकलं नाही. आज एनएस-३ हा सिम्युलेटर खूप सुधारलाय, चॅनेल मॉडेल चांगली आहेत, पण मी अजूनही विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात दोन रेडिओ आणि एक स्पेक्ट्रम ॲनालायझर देऊन कॉरिडॉरमध्ये पाठवतो. मायक्रोवेव्ह चालू झाल्यावर २.४ गिगाहर्ट्झ कसा दिसतो ते त्याने स्वतः बघितलं की नंतर तो कुठलाही आलेख डोळे झाकून मानत नाही. आणि पुस्तकात अशक्य म्हणून लिहिलेली गोष्ट टेबलावर होताना दिसण्याची मजा वेगळीच. एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं जमत नाही असं आम्ही परीक्षेत लिहायचो, २०१० ला स्टॅनफर्डच्या ग्रुपने स्वतःचाच सिग्नल रद्द करून ते जमवून दाखवलं. मी तेव्हा मास्टर्सला होतो, तो पेपर वाचून मी विषय बदलला.

एक कडू आठवण पण सांगतो, यातून तुझा वेळ वाचेल. दुसऱ्या वर्षी आमचा एक पेपर स्वीकारला गेला होता, आमच्या पद्धतीने तीस टक्के सुधारणा दाखवत होता. छापायला जायच्या आठ दिवस आधी माझी विद्यार्थिनी रडवेली होऊन आली, एका बाजूच्या अँटेनाची केबल सैल होती, तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या पद्धतीला अख्ख्या मोजमापात कमी सिग्नल मिळत होता. सगळं परत मोजलं. तीसचे सहा झाले. पेपर मागे घेतला, समितीला खरं कारण लिहून कळवलं. त्या वर्षीच्या माझ्या अहवालात त्या जागी काहीच नाही. पण त्या मुलीने नंतर मोजमापाआधी तपासायच्या गोष्टींची जी स्क्रिप्ट लिहिली ती आज लॅबमधला प्रत्येक जण वापरतो, आणि ती आता स्वतः पोस्टडॉक आहे. मला या नोकरीत राहायचंय ते अशा दिवसांमुळे, भले फाइलचं काहीही होवो.

तुझ्या झटक्यांबद्दल. रेट ॲडाप्टेशन, म्हणजे डिव्हाइस पाठवायचा वेग आपोआप बदलतं ते, बघितलंस का? बरेच ड्रायव्हर फ्रेम गेली की चॅनेल खराब झालं असं समजतात, कोलिजन झालं असेल हे त्यांना कळतच नाही, मग ते रेट खाली आणतात, फ्रेम हवेत जास्त वेळ राहते, आणखी आदळते, आणखी रेट खाली. लांबचा एक जण १ मेगाबिटवर आला की सगळ्यांचं रडगाणं सुरू होतं, ग्रनोबलच्या मंडळींनी २००३ ला ८०२.११बी या जुन्या वायफायवर हेच दाखवलं होतं, एका मंद स्टेशनमुळे वेगवान स्टेशनचा थ्रूपुट पण त्याच्याच पातळीवर येतो. तुझ्या ट्रेसमध्ये (टिपलेल्या फ्रेमच्या नोंदीत) प्रत्येक फ्रेमचा रेट असेलच, लॉसच्या झटक्याच्या आधी रेट पडतो का नंतर ते बघ.

बीकन_इंटरव्हल

मी उलट्या बाजूचा. सात वर्षं शिकवलं, मग कंपनीत गेलो, आता नऊ वर्षं स्टँडर्डच्या मीटिंगांना जातो. कोणाला घाबरवायला किंवा ओढायला लिहीत नाहीये.

कंपनीत सगळं ठरतं हे अर्धं खरं. मीटिंगमध्ये मी ज्या गोष्टीवर तीन-तीन दिवस भांडतो ती म्हणजे एखाद्या हेडरमधले दोन बिट कशासाठी वापरायचे. हे काम महत्त्वाचं आहे, ते दोन बिट पुढे कोट्यवधी डिव्हाइसमध्ये जातात. पण त्या खोलीत नवीन कल्पना क्वचित जन्मते, ती बहुतेक वेळा आधी कुठल्या तरी पेपरात येऊन गेलेली असते आणि आम्ही तिच्यातलं परवडणारं तेवढं घेतो. शेड्युलरमधला (कोणाची पाळी कधी ते ठरवणारा भाग) प्रपोर्शनल फेअरनेस, म्हणजे न्याय्य वाटणीचा नियम, बघ, फ्रँक केली यांनी केंब्रिजमध्ये गणित म्हणून मांडला तो १९९७-९८ च्या आसपास, मग तो बेस स्टेशनमध्ये गेला. चुका दुरुस्त करत सिग्नल वाचणारा विटर्बी अल्गोरिदम १९६७ चा, अँड्र्यू विटर्बी तेव्हा यूसीएलएला शिकवत होते आणि एक सिद्धता समजायला सोपी करावी म्हणून त्यांनी तो काढला. पुढे त्यांनी आणि अर्विन जेकब्स यांनी १९८५ ला क्वालकॉम काढली, जेकब्स पण आधी प्राध्यापकच. म्हणजे या क्षेत्रात विद्यापीठ आणि कंपनी यांच्यातली भिंत पहिल्यापासून पातळ आहे, तू ती फारच जाड समजतोयस.

कंपनीत काय मिळतं? डेटा. तुझा एक हॉल, माझ्याकडे लाखो ॲक्सेस पॉइंटची माहिती येते. आणि तुझ्यासारखे झटके मी तिथेही बघितलेत. पण मला त्याच्या मुळाशी जायला तीन आठवडे मिळाले, त्यात ग्राहकाची तक्रार थांबेल एवढा उपाय सापडला, तिकीट बंद झालं, आणि मी पुढच्या तिकिटाकडे गेलो. का होतं ते मला आजही माहीत नाही. असतं मिळालं वर्ष तरी छापता आलं नसतं. हे मला लागतं. शिकवणं तर फारच आठवतं, सप्टेंबरात नवी मुलं वर्गात येऊन बसायची तेव्हा पहिल्या तासाला मी फक्त दोन मुलांना उभं करून एकाच वेळी बोलायला लावायचो आणि बाकीच्यांना विचारायचो, काय ऐकू आलं? मॅक लेयर तिथून सुरू व्हायचा.

व्यवहाराचं एकच सांगतो. विद्यापीठातून कंपनीत जाणं कधीही जमतं. कंपनीतून परत यायचं तर मधल्या वर्षांत पेपर लागतात, आणि उत्पादनाच्या टीममध्ये ते होत नाहीत. रिसर्च लॅबमध्ये होतात. ऑफर कुठल्या टीमची आहे ते आधी नीट विचार, पेपर लिहायची परवानगी करारात आहे का ते बघ, तोंडी नको. आणि कुठेही गेलास तरी गाइडबरोबर एखादं काम चालू ठेव.

फळा_आणि_अँटेना

टेस्टबेडवाला यांचं केबलचं वाचून थांबले थोडा वेळ. तुमची फाइल वाचणाऱ्या समितीवर मी असते तर तो मागे घेतलेला पेपर मी पहिल्यांदा वाचला असता. अहवालात त्याची जागा रिकामी ठेवू नका, काय झालं आणि काय केलंत ते सरळ चार ओळींत लिहा.

एका गोष्टीत मात्र माझं मत वेगळं आहे. फळा आणि टेबल असे दोन वेगळे रस्ते मी मुलांना सांगत नाही. तरंगसारख्याने दोन्ही करावं, कारण त्याच्याकडे आधीच एक मॉडेल आहे आणि एक हॉल आहे आणि ते दोन एकमेकांशी भांडतायत. एमआयटीत दिना कटाबी यांच्या लॅबकडे बघा, आधी नेटवर्क कोडिंग (पॅकेट एकत्र मिसळून पाठवणं), मग २०१३ ला रेडिओच्या परावर्तनातून भिंतीपलीकडची हालचाल, मग तशाच सिग्नलमधून माणसाचा श्वास मोजणं. नेटवर्कवाल्यांना जो मल्टिपाथ (परावर्तनाने अनेक वाटांनी येणारा सिग्नल) त्रास वाटत होता तोच त्यांनी मोजायची गोष्ट करून टाकला. असं वळण घ्यायला सिग्नलचं गणितही अंगात असावं लागतं आणि लॅबमध्ये तासन्‌तास उभं राहिलेलंही असावं लागतं.

तरंग२७

मॅडम, दादा, सगळ्यांचे आभार, उत्तरं दोनदा वाचली, आज दिवसभर लॅबमध्येच होतो म्हणून उशीर.

बीकन दादांनी म्हटल्याप्रमाणे विचारलं, ऑफर उत्पादनाच्या टीमची आहे, पेपरचं करारात काहीच नाही. एचआरने "बघू" म्हटलं. मग पोस्टडॉकवाल्या ग्रुपला मेल केली, त्यांच्याकडे टेस्टबेड आहे, चाळीस नोडचा, आणि इंजिनिअरही आहे. मी जवळजवळ ठरवलंय, घरी अजून बोललो नाहीये, ते आज रात्री.

रेटचं बघितलं. सहा दिवसांच्या ट्रेसमध्ये २१४ झटके वेगळे काढले. त्यातल्या साधारण दोन तृतीयांश झटक्यांत आधी लॉस आणि मग रेट पडतो, म्हणजे टेस्टबेडवाला दादा म्हणतात ते चक्र दिसतं. पण उरलेल्या झटक्यांत रेट अजिबात हलत नाही, तसाच वर राहतो, आणि तरी लांबच्या सात-आठ डिव्हाइसचा लॉस एकाच क्षणी उडी मारतो, सगळ्यांचा एकदम. जवळच्यांना काहीच होत नाही. हे कॅप्चरने पण समजत नाही कारण त्या वेळी ट्रॅफिक कमी आहे. कॅप्चर करायला आदळणाराच नको का?

फळा_आणि_अँटेना

हे छान आहे. पण आनंद व्हायच्या आधी एक तपास. तुझा स्निफर (हवेतल्या फ्रेम टिपणारा रेडिओ) कुठे ठेवला होता? तो ॲक्सेस पॉइंटजवळ असेल तर त्याला जे ऐकू आलं नाही ते तू लॉस म्हणून मोजतोयस का, की ॲक्सेस पॉइंटच्या स्वतःच्या नोंदीतून? स्निफरही रेडिओच आहे, त्याचाही बफर भरतो, त्यालाही लांबचे आधी ऐकू यायचे बंद होतात.

आणि त्या क्षणी हॉलबाहेरचा दुसरा ॲक्सेस पॉइंट बीकन (ठरावीक वेळाने दिलेली स्वतःची ओळख) किंवा काही पाठवत होता का? तुझ्या लांबच्या डिव्हाइसना तो ऐकू येत असेल आणि तुझ्या स्निफरला नसेल. मग ट्रॅफिक कमी दिसेल, पण आदळणारा असेलच, फक्त तुला तो दिसत नसेल.

दुसरा स्निफर हॉलच्या लांबच्या टोकाला लाव, दोघांची घड्याळं बीकनच्या टाइमस्टॅम्पवरून जुळव, आणि दोन दिवसांची ट्रेस घे. मग इथे लिही.

तरंग२७

एकच स्निफर होता, ॲक्सेस पॉइंटच्या टेबलावरच. दुसरा उद्या सकाळी लावतो.